वैमानिकाचे घड्याळ वैमानिकाचे कधी होते?

१/
'पायलट वॉच' या नावाने आज जे महागडे मनगटी घड्याळ विकले जाते, त्याच्या किमतीत पोलाद, यंत्र आणि कारागिरी यांच्या जोडीला एका इतिहासाचेही मोल धरलेले असते. तो इतिहास ग्राहकाला अर्धाच सांगितला जातो. जो अर्धा गाळला जातो, तोच खरेदी करणाऱ्याच्या उपयोगाचा आहे, असे माझे म्हणणे आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
निमित्त दवनीवाड्याचे. गोंदिया तालुक्यातील या गावच्या एका धान पिकवणाऱ्या गृहस्थांनी मला विचारले: मुलाला व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला आहे, त्याला भेट म्हणून 'खरे' पायलट वॉच घ्यायचे आहे, साडेचार लाखांपर्यंत तयारी आहे, कोणते घ्यावे? प्रशिक्षणाच्या शुल्कासाठी दोन एकरांच्या बांध्या आधीच गेल्या, हेही त्यांनी ओघात सांगितले. घड्याळासाठी आणखी काय जाणार आहे, हे विचारण्याचा मला अधिकार नाही. परंतु 'खरे' हा शब्द त्यांच्या तोंडी कोणी घातला, याचा शोध घेण्याचा अधिकार इतिहास वाचणाऱ्या प्रत्येकाला आहे.

३/
मुंबई-पुण्याच्या वाचकांना नवल वाटेल, पण विमान ही आमच्या भागात अपूर्वाईची वस्तू नाही. गोंदियाजवळ बिरशी येथे इंग्रजांनी १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, धावपट्टी बांधली. पुढे ती सार्वजनिक बांधकाम खाते, औद्योगिक विकास महामंडळ अशा हातांतून जात २००५ च्या अखेरीस विमानतळ प्राधिकरणाकडे आली आणि त्यानंतर काही वर्षांतच तेथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था सुरू झाली. रोवणीच्या चिखलात उभी असलेली बाई मान वर न करता आवाजावरून सांगते, हे बिरशीचे शिकाऊ विमान.

४/
त्या आवाजाची किंमतही या भागाला ठाऊक आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये बिरशीहून उडालेले एक शिकाऊ विमान वैनगंगेच्या पात्रात कोसळले. २०२३ च्या मार्चमध्ये दुसरे बालाघाटच्या डोंगराळ रानात. दोन्ही वेळा शिकवणारा आणि शिकणारी, दोघेही परतले नाहीत. 'साहस मनगटावर बांधा' अशा थाटाच्या जाहिराती लिहिणाऱ्यांनी एकदा या नदीकाठी येऊन जावे.

५/
आता मूळ प्रश्नाकडे. काळी तबकडी, ठसठशीत पांढरे आकडे, बाराच्या जागी त्रिकोण आणि त्याच्या दोन बाजूंना दोन ठिपके, कांद्याच्या आकाराची मोठी चावी, रिव्हेट ठोकलेला चामडी पट्टा. पायलट वॉच म्हटले की जे रूप डोळ्यांसमोर येते ते हेच. हे रूप १९४० च्या सुमारास जर्मनीच्या हवाई मंत्रालयाने ठरवून दिले. जर्मन भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ 'निरीक्षकाचे घड्याळ'. निरीक्षक म्हणजे विमान हाकणारा नव्हे. शेजारी किंवा मागे बसून नकाशा, तारे आणि वेळ यांवरून विमान कुठे आहे हे काढणारा मार्गदर्शक. ज्याला आपण वैमानिकाचे घड्याळ म्हणून पूजतो, ते मुळात वैमानिकाचे नव्हतेच.

६/
त्या मार्गदर्शकाला एवढे अचूक घड्याळ का लागे, हे समजून घेतले तर घड्याळाच्या प्रत्येक अवयवाचा अर्थ लागतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणजे चार सेकंदांत एक कला. ताऱ्याची उंची मोजून स्थान काढताना घड्याळ चार सेकंदांनी चुकले, तर विषुववृत्ताजवळ आपण एक सागरी मैल चुकतो. म्हणून चावी ओढली की सेकंदकाटा जागीच थांबावा आणि ठरल्या इशाऱ्यावर पुन्हा सुटावा, ही सोय. हातात जाड मोजे असत, म्हणून चावी कांद्याएवढी. अंधाऱ्या कोठडीत वरची बाजू कोणती हे एका नजरेत कळावे, म्हणून त्रिकोण. पट्टा लांब, कारण घड्याळ उड्डाणाच्या जाड कोटावरून बांधावे लागे. व्यास ५५ मिलिमीटर, कारण आत चक्क खिशातल्या घड्याळाचे यंत्र बसवलेले होते. यात सौंदर्यदृष्टी शोधणाऱ्यांनी नांगराच्या फाळातही शोधावी. सापडेल, पण फाळ त्यासाठी घडवलेला नसतो.

७/
आणि सर्वांत महत्त्वाचे: हे घड्याळ कोणी निवडले नाही, कोणी विकतही घेतले नाही. ते सरकारी मालमत्ता होते. कामगिरीच्या वेळी मिळे, कामगिरी संपली की जमा करावे लागे. पोलिसाची काठी, पोस्टमनची थैली, तलाठ्याचे दप्तर यांच्या जातीची ती वस्तू. कोणता तलाठी सरकारी दप्तराची हुबेहूब प्रत लाखो रुपये मोजून घरी काचेत ठेवतो?

८/
हे घड्याळ पाच जणांनी बनवले: ग्लासह्युट गावचे ए. लांगे उंड सोने, वेम्पे, फोर्त्सहाइम शहरातील लाको आणि श्टोव्हा, आणि स्वित्झर्लंडच्या शाफहाउजन येथील आय.डब्ल्यू.सी. पुढची हकिगत दुकानातील चकचकीत पुस्तिकेत सहसा नसते.

९/
ही घड्याळे बांधून जी विमाने उडाली ती बाँबफेकी विमाने होती. जर्मन हवाई दलाने युरोपातील शहरांवर काय वर्षाव केला, हे शाळेच्या पुस्तकात आहे. मी ते पुन्हा सांगत नाही. त्याची परतफेड कशी झाली ते पाहा. २३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी फोर्त्सहाइमवर हल्ला केला. त्या एका रात्रीत सतरा हजारांहून अधिक माणसे मेली आणि शहराचा मध्यभाग नाहीसा झाला. लाको आणि श्टोव्हा यांचे कारखानेही त्याच आगीत गेले. बाँबफेक्यांसाठी घड्याळे घडवणारे शहर, घड्याळ पाहून वेळेवर पोचलेल्या बाँबफेक्यांनीच जाळले. लांगेची ग्लासह्युटमधील मुख्य इमारत सोव्हिएत विमानांनी ८ मे १९४५ रोजी, म्हणजे युरोपातील युद्ध संपल्याच्याच दिवशी, उद्ध्वस्त केली.

१०/
शाफहाउजनची गोष्ट तर उपरोधाचा कळस आहे. स्वित्झर्लंड तटस्थ. तरीही १ एप्रिल १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी शाफहाउजनवर बाँब टाकले. चाळीस माणसे मेली. लक्ष्य होते जर्मनीतील लुडविग्जहाफेन. खराब हवेत मार्ग चुकला, म्हणजे ज्या कामासाठी ती अचूक घड्याळे लागत, नेमके तेच काम फसले. एक बाँब आय.डब्ल्यू.सी.च्या कारखान्याचे छत फोडून आत शिरला, पण फुटला नाही. ज्या कारखान्याने जर्मनांना निरीक्षकाची घड्याळे पुरवली, त्यानेच त्याच युद्धात ब्रिटिश सैन्यालाही घड्याळे पुरवली. तटस्थतेचा हा असाही एक अर्थ. व्यापाऱ्याला मी त्यासाठी फासावर देणार नाही, पण ही 'वीरांची परंपरा' म्हणून कोणी गळ्यात घालू लागला, तर कोणत्या बाजूच्या वीरांची, एवढे विचारीन.

११/
काही वाचक म्हणतील, सगळी वैमानिकी घड्याळे जर्मन वंशाची नाहीत. मान्य. १९०४ मध्ये पॅरिसात ब्राझीलचा धनाढ्य उड्डाणवीर आल्बेर्तो सांतोस-दुमों याने आपला मित्र लुई कार्तिए याच्याकडे तक्रार केली, की उडताना खिशातून घड्याळ काढता येत नाही. कार्तिएने त्याला मनगटी घड्याळ करून दिले. १९११ पासून ते बाजारात आले. १९३१ मध्ये लिंडबर्गच्या कल्पनेवरून लाँजीनने रेखांश काढण्यास मदत करणारे घड्याळ केले. १९५२ मध्ये ब्राइटलिंगचे नॅव्हिटायमर आले. त्याच्या कडेवर वर्तुळाकार गणनपट्टी होती आणि तिच्यावर वेग, इंधन, अंतर यांचे त्रैराशिक सोडवता येई. पुढे दोन-तीन वर्षांत रोलेक्सने पॅन ॲमेरिकन कंपनीच्या वैमानिकांसाठी दोन देशांची वेळ दाखवणारे घड्याळ काढले. ही चारही घड्याळे खऱ्या गरजेतून जन्मली, याबद्दल वाद नाही. वाद पुढच्या टप्प्याचा आहे.

१२/
ती गरज संपली. १९६९ च्या नाताळात जपानच्या सेइकोने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि अचूकता स्वस्त झाली. आज स्वित्झर्लंडच्या अधिकृत संस्थेने 'क्रोनोमीटर' म्हणून प्रमाणित केलेले यांत्रिक घड्याळ दिवसाला सरासरी चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे असले तरी उत्तीर्ण होते. साधे क्वार्ट्झ घड्याळ साधारणपणे महिन्याला पंधरा सेकंदांच्या आत चुकते. सहाव्या नोंदीतला हिशेब आठवा: चार सेकंद, एक मैल. अचूकतेच्या कसोटीवर लाखाचे घड्याळ पाचशेच्या घड्याळापुढे हरते, आणि हे त्या धंद्यातील प्रत्येकाला माहीत आहे.

१३/
म्हणून स्विस धंद्याने आपल्या मालाचे रूपांतर दागिन्यात केले. दागिना विकायला आख्यायिका लागते. निरीक्षकाचे ते जुने रूप ऐंशी-नव्वदच्या दशकांत बासनातून बाहेर काढण्यात आले. २००२ मध्ये आय.डब्ल्यू.सी.ने ४६.२ मिलिमीटरचे 'बिग पायलट' काढले. गंमत अशी, की युद्धानंतर १९४९ च्या सुमारास ब्रिटिश हवाई दलाच्या मार्गदर्शकांना याच कंपनीने पुरवलेले 'मार्क ११' फक्त ३६ मिलिमीटरचे होते. त्यात चुंबकत्वापासून बचाव करणारे मऊ लोखंडाचे कवच होते, आणि ते काही दशके सेवेत राहिले. म्हणजे उपयुक्ततेचा अभ्यास करून जे घडवले ते छोटे झाले, आणि आख्यायिका म्हणून जे विकले ते मोठे. मनगटावर पापडाएवढे घड्याळ मिरवणाऱ्यास मी दोष देत नाही. पण त्याला 'व्यावसायिक उपकरण' म्हणू नये.

१४/
आता आपल्या घरचा इतिहास, कारण या सगळ्या चकचकाटात तो कोणी सांगत नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. विमान 'पस मॉथ' जातीचे, एका इंजिनाचे. रेडिओ नव्हता, वाट दाखवणारे कोणतेही यंत्र नव्हते. जुहूचे विमानतळ म्हणजे समुद्रकाठची चिखलाची सपाटी. त्या उड्डाणाचा इतिहास लिहिताना कोणी घड्याळाची जाहिरात केली नाही. टपाल किती आले आणि वेळेवर आले काय, हे लिहिले. पुढे एअर इंडियाबद्दल एक कथा सांगितली जाऊ लागली: जिनिव्हात एकाने दुसऱ्याला वेळ विचारली, दुसऱ्याने खिडकीतून बाहेर पाहून सांगितले, अकरा वाजले, एअर इंडियाचे विमान उतरले. कथा म्हणूनच घ्यावी. पण घड्याळांच्या देशात लोकांनी आपल्या विमानाकडे पाहून वेळ सांगावी, ही कल्पना कोणत्याही तबकडीपेक्षा मला अधिक श्रीमंत वाटते.

१५/
आणि हा विदर्भाचा इतिहास, ज्यावर आजवर एकही पायलट वॉच निघालेले नाही. १९४९ च्या जानेवारीत, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथून रोज रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत. तेथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि उजाडण्यापूर्वी चारही विमाने आपापल्या गावी परतत. मुंबईला संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या सकाळी कोलकात्यात. ही सेवा सत्तरच्या दशकापर्यंत चालली.

१६/
जरा विचार करावा. चार दिशांनी, काळोखात, आजच्या मानाने नाममात्र उपकरणांनिशी चार विमाने एका ठरल्या वेळी एका ठिकाणी यायची. एक उशिरा आले तर उरलेली तीन खोळंबणार, म्हणजे देशभराचे टपाल खोळंबणार. वेळ पाळणे म्हणजे काय, हे यापेक्षा नेमके कुठे दिसते? नकाशावर कोलकाता ते नागपूर सरळ रेषा ओढली तर ती गोंदिया जिल्ह्यावरून जाते. ज्यांनी त्या रात्री खळ्यावर धान राखला, त्यांच्या डोक्यावरून हा इतिहास रोज घुमत गेला. १९५३ च्या डिसेंबरमध्ये नागपूरहून मद्रासकडे झेपावलेले टपालाचे डकोटा इंजिन बिघडून कोसळले. एकटा वैमानिक वाचला. या माणसांच्या मनगटांवर कोणत्या कंपनीची घड्याळे होती, हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही, आणि तेच योग्य झाले.

१७/
घड्याळाचाच देशी इतिहास हवा असेल तर तोही आहे. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि 'फॉरेनचे घड्याळ' ही मुंबईच्या बंदरातून चोरवाटेने येणारी वस्तू झाली. त्या काळात, १९६१ मध्ये, सरकारी हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझनशी करार करून बंगळुरास मनगटी घड्याळे बनवण्यास आरंभ केला. जनता, जवान, सोना, कोहिनूर ही नावे पन्नाशी उलटलेल्या वाचकांना सांगायला नकोत. लग्नात जावयाला एच.एम.टी., निवृत्तीला एच.एम.टी. त्यातलेच एक 'पायलट': काळी तबकडी, पांढरे आकडे, हाताने चावी देण्याचे सतरा माणकांचे यंत्र. आकाराने आटोपशीर, वाचायला स्वच्छ. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मान्यता दिली, आणि मग जे आजवर कोणी पुसत नव्हते ते घड्याळ संग्राहक शोधू लागले. आपल्याकडे वस्तू मेल्याखेरीज तिचा वारसा होत नाही.

१८/
आता एक तांत्रिक मुद्दा. माझ्या मते संपूर्ण खरेदीचा निकाल एवढ्यावर लागावा.

विमानविद्येत जगभर सगळे वेळापत्रक जागतिक प्रमाणवेळेत चालते: हवामानाचा अहवाल, उड्डाणाची योजना, सर्व काही. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. या 'साडे'ने सगळा घोटाळा केला आहे. दोन देशांची वेळ दाखवणाऱ्या घड्याळात एक चौथा काटा असतो. तो चोवीस तासांत एक फेरा करतो आणि पूर्ण तासांच्या टप्प्यांनीच लावता येतो. मिनिटकाटा मात्र दोन्ही वेळांना एकच. न्यूयॉर्क आणि लंडनसाठी हे ठीक. तेथे फरक पूर्ण तासांचा आहे. गोंदियात सकाळचे सहा वाजले असता प्रमाणवेळ असते शून्य वाजून तीस मिनिटे. चौथा काटा एकतर शून्यावर बसेल किंवा एकवर, अर्ध्यावर नाही. कडेची फिरती कडी चोवीस टप्प्यांची असेल तर तीही अर्ध्यावर थांबणार नाही. म्हणजे लाखो रुपये भरून घेतलेला तो काटा आपल्या देशात कायम अर्धा तास चुकतो, आणि उरलेला अर्धा तास मनातच मिळवावा लागतो. मनातच करायचे, तर पाच तीस वजा करायला काय बिघडले?

१९/
उलट, कोणतेही साधे काट्यांचे घड्याळ भारतीय वेळेवर लावा आणि उलटे धरा. सहा वर, बारा खाली. समोर दिसेल ती प्रमाणवेळ. दुपारचे एक वाजून दहा मिनिटे झाली असतील तर उलट्या घड्याळात सात चाळीस दिसतात, आणि प्रमाणवेळ तीच असते. तासकाटा किंचित मागे वाटेल, पण वाचता येते. साडेपाच तासांच्या फरकाची ही भूमितीने दिलेली देणगी आहे, ती एच.एम.टी.तही चालते आणि मंडईच्या पालावर मिळणाऱ्या घड्याळातही. आकडे नसलेली, नुसत्या रेघांची तबकडी असेल तर अधिकच सोयीचे.

२०/
बिरशीत जी डायमंड जातीची शिकाऊ विमाने उडतात, त्यांत काचेच्या पडद्यांवर सर्व माहिती दिसते. वेळही पडद्याच्या कोपऱ्यात, उपग्रहाशी जुळलेली. मनगटावरचे घड्याळ हा पडदा बंद पडल्यावरचा आधार. त्या आधाराकडून अपेक्षा तीनच: चालू असावे, अंधारात वाचता यावे, हरवले तर रडू येऊ नये. तिसरी अपेक्षा साडेचार लाखांचे घड्याळ पुरी करू शकत नाही.

२१/
'हौसेला मोल नसते' हा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि मी तो मानतो. हौस म्हणून घ्यायचे असेल तर अवश्य घ्यावे; यांत्रिक घड्याळाच्या पाठीमागचे काचेचे झाकण आणि आत धडधडणारे तोलचाक ही पाहत राहावी अशी गोष्ट आहे. फक्त ती हौस आहे हे लक्षात ठेवून घासाघीस करावी. त्रिकोण आणि दोन ठिपक्यांचे ते रूपच आवडले असेल, तर मूळ पाच निर्मात्यांपैकी लाको आणि श्टोव्हा आजही तेच रूप बड्या नावांच्या कितीतरी कमी किमतीत बनवतात. वंशावळच हवी असेल तर ती त्यांच्याकडेही तेवढीच आहे. घाई नसेल तर थांबावे: युरोपातील एफ्टा गटाशी, ज्यात स्वित्झर्लंड आहे, भारताने मार्च २०२४ मध्ये केलेला करार ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे आणि स्विस घड्याळांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. पक्के बिल, क्रमांक जुळणारे हमीपत्र, आणि दुरुस्ती नागपुरात होते की घड्याळ मुंबईला पाठवावे लागते, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे; यांत्रिक घड्याळ काही वर्षांनी उघडून साफ करावेच लागते आणि तो खर्च दुकानदार आपणहून सांगत नाही. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने कोणी मागितली तर दुकानातून बाहेर पडावे. कायद्याने ती घेताच येत नाही.

२२/
दवनीवाड्याच्या काकाजींना मी कळवले ते असे. मुलगा उद्या एखाद्या कंपनीत रुजू होण्यापूर्वी त्याला त्या कंपनीच्या विशिष्ट विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागेल, आणि ते बहुधा स्वखर्चाने. साडेचार लाख तेथे लागतील. तरीही घड्याळ पाहायला नागपूरला जाणारच असाल, तर विक्रेता चार काट्यांचे घड्याळ मखमलीवर ठेवील आणि वैमानिकांची परंपरा सांगू लागेल. त्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून शांतपणे म्हणावे: आत्ता ग्रीनिचला किती वाजले, ते या चौथ्या काट्याने मिनिटासकट दाखवा.